बल्ब शाबूत, मीटर अंधारात

मे महिन्यातली संध्याकाळ, रावेरजवळची एका मित्राची केळीची बाग, आणि बागेच्या शेडमध्ये उभी असलेली पंचवीस वर्षं जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. दिवे लावले की हेडलाइट लख्ख, मागचे लाल दिवेही चालू. स्टेअरिंगमागचं मीटर मात्र काळंकुट्ट. वेग किती, पेट्रोल किती, काही दिसेना. मित्राने पाचही बल्ब नवे आणून बसवले होते, तेही पेटेनात.

पाच बल्ब एकाच रात्री जात नाहीत. एखादा गेला तर बल्बवर संशय घ्यावा. सगळे एकदम गेले तर सगळ्यांची जी वाट सामाईक आहे तिच्यावर. या वाटेवर फ्यूज येतो, दिव्यांचा स्विच येतो, मीटरचा उजेड कमी-जास्त करायची चकती येते, मीटरच्या पाठीवर तांब्याच्या पट्ट्या छापलेला प्लास्टिकचा पातळ कागद येतो आणि शेवटी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी परतीची वाट. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यांचा आणि मीटरचा फ्यूज एकच असतो. या गाडीतही तसंच होतं आणि मागचे दिवे पेटत होते, म्हणजे फ्यूज आणि स्विच निर्दोष. चकतीच्या आत तारेचं वेटोळं आणि त्यावर घासत जाणारी पट्टी असते. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की तिथे काजळी धरते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवली. फरक नाही.

मित्राने पाचही बल्ब काढले आणि एका होल्डरमध्ये मल्टिमीटरची, म्हणजे व्होल्टेज मोजायच्या यंत्राची, टोकं टेकवली. 12.4 व्होल्ट. “करंट तं येऊ राहिला ना भो!”

इथेच बहुतेकांची फसगत होते. ठिबक चालवणाऱ्याला ती लगेच कळेल. फिल्टर गाळाने भरलाय, पण पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे. अशा वेळी फिल्टरच्या पलीकडचं गेजही पूर्ण दाब दाखवतं. पाणी वाहतच नसेल तर दाब कमी होणार कुठे? व्हॉल्व्ह उघडला की काटा खाली येतो. म्हणून तर फिल्टरच्या दोन्ही बाजूंना गेज लावतात आणि दोन्हींमधला फरक वाढला की फिल्टर धुतात.

विजेचंही तसंच. मीटरमधला बल्ब साधारण 1.2 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला 0.1 अँपिअर घेणारा. पाच बल्बांचा मिळून रोध 24 ओहम. वाटेत कुठे गंजाचाही तेवढाच रोध बसला, तर निम्म्याहून जास्त व्होल्टेज गंजातच खर्ची पडतं, कारण नीट न तापलेल्या फिलामेंटचा रोध आणखी कमी असतो. आणि व्होल्टेज निम्मं झालं की उजेड निम्मा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध मात्र साधारण 1 कोटी ओहम. त्याच्यापुढे 24 ओहमचा गंज म्हणजे काहीच नाही. तो बिचारा खरंच सांगतो, पण व्हॉल्व्ह बंद असतानाचं.

मग बल्ब परत बसवले, दिवे चालू ठेवले. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं मीटरच्या अर्थच्या पिनवर. दोन्ही एकाच पत्र्याशी जोडलेली, म्हणजे फरक जवळजवळ शून्य हवा; 0.1 व्होल्ट चालेल. आकडा आला 9.6. बल्बांच्या वाट्याला तीन व्होल्टही येत नव्हते.

डॅशखाली हात घालून काळी वायर माग काढत नेली, तर ती एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली निघाली. स्क्रू सोडवला आणि वायरीच्या कडीखालून तपकिरी भुगा बोटांवर सांडला. शेडच्या कोपऱ्यात पोटॅशच्या गोण्या होत्या. पोटॅश हे क्लोराइडचं मीठ. त्याची धूळ पावसाळ्यात ओल धरते, आणि खारट ओल, लोखंडी पत्रा, वेगळ्या धातूची कडी असे तिघे एकत्र आले की गंज झपाट्याने चढतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, कडी घासली, स्क्रू आवळून वर थोडं ग्रीस लावलं. मीटर उजळलं. नवे बल्ब आणायची गरजच नव्हती.

अर्थ खराब असल्याची एक खूण मल्टिमीटरशिवायही दिसते. साइड इंडिकेटर दिला की मीटरचे इतर दिवे त्याच्याच तालावर लुकलुकतात. परतीची वाट अडली की करंट शेजारच्या बल्बातून वाट काढतो.

बॅटरीचं चित्र असलेल्या लाल दिव्याची मात्र वेगळी काळजी घ्यावी. त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राकडे असतं. इंजिन सुरू झालं की दोन्हीकडे सारखंच व्होल्टेज येतं आणि तो विझतो. पण त्याआधी त्याच्यातून जाणारा चिमूटभर करंटच बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करतो. म्हणून तो बल्ब उडाला की चार्जिंगच सुरू होत नाही असं घडतं, आणि इशारा देणारा दिवाच गेल्यामुळे ते कळतही नाही. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पेटतो का, हे रोज पाहावं. त्या जागी एलईडी बसवू नये. त्यातून पुरेसा करंट जाईलच असं नाही. मूळ वॅटचाच साधा बल्ब बसवावा.