कॉन्सेंट्रिक की डबल-डी: कॉइलची निवड जमिनीवरून करावी

‘डबल-डी कॉइल जास्त खोल जाते’, म्हणजे मेटल डिटेक्टरच्या टोकाची या प्रकारची शोधचकती अधिक खोलवरचा धातू टिपते, हे विधान इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे केले जाते की, मेटल डिटेक्टर नुकताच हाती घेतलेला माणूस आपल्या जमिनीचा विचार न करताच ती विकत घेतो. हे विधान अर्धेच खरे आहे.

कॉन्सेंट्रिक कॉइल बहुतेकांच्या परिचयाची असते: बाहेर चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारे मोठे वेटोळे आणि आत संकेत टिपणारे लहान वेटोळे. डबल-डीमध्ये इंग्रजी ‘डी’च्या आकाराची दोन वेटोळी असून त्यांच्या सरळ बाजू मध्यभागी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. बाहेरच्या कवचावरून प्रकार ठरवण्याची सवय मात्र सोडावी, कारण गोल कवचातही डबल-डी असते आणि लंबगोल कवचातही कॉन्सेंट्रिक.

खरा फरक कॉइलला एका क्षणी किती माती ‘दिसते’ यात आहे. कॉन्सेंट्रिक कॉइलचे टिपण्याचे क्षेत्र शंकूसारखे असते; वर ते कॉइलएवढे रुंद आणि खाली निमुळते असल्यामुळे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर बरीच चढवली नाही, तर खोलवरची नाणी मधल्या पट्ट्यांत राहून जातात. शिवाय हा सारा शंकू मातीने भरलेला असतो, आणि त्या मातीत लोहखनिजे भरपूर असतील तर त्यांच्या संकेतात नाण्याचा क्षीण संकेत बुडून जातो. डबल-डीचे क्षेत्र पुढून मागे जाणाऱ्या, सुरीच्या पात्यासारख्या अरुंद पट्टीचे असते. तिच्याखाली एका वेळी थोडीच माती येत असल्यामुळे ग्राउंड बॅलन्स (मातीचा स्वतःचा संकेत वगळण्यासाठी केलेली यंत्राची जुळणी) टिकतो आणि खनिजयुक्त जमिनीत ती खरोखरच खोलवरचे टिपते. सौम्य जमिनीत मात्र त्याच मापाची कॉन्सेंट्रिक तिच्या बरोबरीने, अनेकदा किंचित अधिक खोल जाते. म्हणूनच हवेत नाणे फिरवून केलेल्या तुलनांवर विसंबणे मला सर्वथा चुकीचे वाटते. ज्या मातीमुळे फरक पडतो, तीच तिथे नसते.

खिळ्यांच्या गर्दीत शेजारचे नाणे वेगळे काढण्यात डबल-डी सरस आहे, परंतु बाटल्यांची पत्र्याची झाकणे आणि चपटे लोखंड तिला सहज फसवतात. झाकणांनी भरलेल्या सौम्य मातीच्या मैदानात मी कॉन्सेंट्रिकच निवडेन. अन्यत्र, जमीन अनोळखी असेल तर डबल-डी. नेमकी जागा शोधणे कॉन्सेंट्रिकने सोपे जाते. डबल-डी असल्यास काटकोनात वळून दुसरी फेरी मारावी, एवढेच.

मापाचा प्रश्न साधा आहे: कचऱ्यात सुमारे १५ सेंटीमीटरची, मोकळ्या जागी सुमारे २८ सेंटीमीटरची. हे सर्व व्हीएलएफ, म्हणजे अतिनिम्न वारंवारतेवर चालणाऱ्या, यंत्रांना लागू आहे. आणि प्लग बसला म्हणून कॉइल चालेलच असे समजू नये. ती त्याच मॉडेलसाठी आणि त्याच्या वारंवारतेसाठी बनवलेली आहे, याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करावी.