वैमानिक संघटना व विमान कंपन्या यांच्यातील करारवाटाघाटी

वेतन, उड्डाणतास, विश्रांती, सेवाज्येष्ठता आणि निवृत्तिवेतन यांविषयी विमान कंपनी व तिच्या वैमानिकांची संघटना यांच्यात होणारा सामूहिक सौदा. कंपनी बदलली की वैमानिकाची ज्येष्ठता बहुधा तळापासून सुरू होते. त्यामुळे राजीनाम्याच्या धाकाला फारसे वजन नसते व सारी भिस्त करारावर येते.

मूळ पगार, तास व मैल यांवरून पगार ठरवणाऱ्या वेतनसूत्राच्या उगमाविषयी दोन मते दिसतात. एक मत ते अमेरिकेतील राष्ट्रीय कामगार मंडळाच्या मे १९३४ मधील ‘निर्णय ८३’कडे नेते, तर दुसरे त्याआधीच्या सरकारी हवाई टपालसेवेकडे. टपालवैमानिकांना मूळ पगारावर मैलांनुसार भत्ता मिळत असे, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र सूत्राला निश्चित रूप निर्णय ८३ नेच दिले. १९३३ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी मैलांऐवजी तासांवर पगार देण्याचे ठरवले. विमाने वेगवान होत असल्याने तेवढ्याच तासांत अधिक मैल कापले जाणार आणि वाढीव लाभ कंपनीच्या पदरात पडणार, असा वैमानिकांचा आक्षेप होता. १९३१ मध्ये डेव्हिड बेन्के यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनने संपाचा इशारा दिला. निर्णयाने मूळ पगार, तास व मैल असे तिन्ही घटक राखले आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा घातली. १९३८ च्या नागरी विमानचालन कायद्याने तो कंपन्यांवर बंधनकारक केला.

आजही तासाचा हिशेब सर्वसाधारणपणे विमान जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा उभे राहीपर्यंत धरतात. दहा तास कामावर राहून पाचच तास उड्डाण झाले, तर उरलेल्या वेळेचे काय? त्यासाठी करारांत किमान हमीची कलमे घातलेली असतात. उदाहरणार्थ, कामाच्या दर दोन तासांमागे निदान एक वेतनतास. बाहेरच्याला किरकोळ वाटणाऱ्या अशा कलमांवर वाटाघाटींचे महिने खर्ची पडतात.

अमेरिकेत १९२६ चा रेल्वे कामगार कायदा १९३६ पासून विमान कंपन्यांना लागू आहे. त्यानुसार करार संपत नाही, तो फक्त ‘दुरुस्तीयोग्य’ होतो. जुन्या अटी चालूच राहतात. राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने वाटाघाटी फिसकटल्याचे मान्य करून लवादाचा प्रस्ताव मांडावा लागतो. कोणत्याही पक्षाने तो नाकारला की ३० दिवस थांबावे लागते आणि त्यानंतरच संप करता येतो. साहजिकच विलंब बहुधा व्यवस्थापनाच्या पथ्यावर पडतो. डेल्टा या विमान कंपनीचा २०१९ अखेर दुरुस्तीयोग्य झालेला करार मार्च २०२३ मध्ये बदलला (महासाथीचा खंड त्यात आलाच). संप सुरू झाला तरी राष्ट्राध्यक्ष तो थांबवू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचा संप बिल क्लिंटन यांनी आपत्कालीन मंडळ नेमून काही मिनिटांतच थोपवला.

‘व्याप्ती’चे कलम छोटी विमाने सहयोगी कंपन्यांकडून उडवून घेण्यावर मर्यादा घालते. अमेरिकेतील प्रमुख करारांत ही मर्यादा ७६ आसने व ८६,००० पौंड (सुमारे ३९ टन) कमाल उड्डाणवजन अशी आहे. एम्ब्रायर या विमाननिर्मात्या कंपनीचे ई१७५-ई२ हे विमान वजनाच्या अटीतच अडकले. विमानाचा आराखडा कामगार कराराला अडखळावा, हे विरळाच.

ऑस्ट्रेलियात १९८९ मध्ये २९.४७ टक्के वाढीच्या मागणीवरून वैमानिकांनी सामूहिक राजीनामे दिले. बॉब हॉक सरकारने हवाई दलाची विमाने प्रवासी वाहतुकीस लावली व संघटनेचा पराभव झाला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या वैमानिकांनी दोन दिवसांचा संप केला.