रोहिणी (फिरते लष्करी रडार)

रोहिणी हे भारतीय हवाई दलाचे ट्रकवर बसवलेले त्रिमितीय टेहळणी रडार आहे. विमान कोणत्या दिशेला, किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे, हे तिन्ही ते एकदमच सांगते. संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या (डीआरडीओ) बंगळूरच्या एलआरडीई या प्रयोगशाळेने ते विकसित केले. उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे आहे. पहिले रडार 2008 मध्ये हवाई दलाला मिळाले. मूळ विकास ‘आकाश’ क्षेपणास्त्रासाठी झाला: रोहिणीने दीडशे किलोमीटरपलीकडचे विमान आधी हेरायचे आणि ते जवळ येताच ‘राजेंद्र’ या दुसऱ्या रडारने त्याचा पिच्छा घेऊन क्षेपणास्त्राला वाट दाखवायची.

या घराण्यातली नावे नक्षत्रांची आहेत. नौदलाची रेवती, तोफांचा ठावठिकाणा शोधणारी स्वाती, शिवाय भरणी, आश्लेषा, अश्विनी. ‘अरुध्रा’ म्हणजे आपलीच आर्द्रा, दक्षिणेकडच्या उच्चारात. यादी वाचताना मराठी माणसाला पंचांगापेक्षा पेरणीच आधी आठवावी. त्याआधीचे ‘इंद्र’ मात्र देवाचे नाव वाटले तरी ‘इंडियन डॉप्लर रडार’चे लघुरूप आहे.

रडार हलते का हवे? रडार लहरी सोडते, म्हणजे अंधारात कंदील घेऊन उभे राहते. त्याला दिसते तसे तेही दुसऱ्याला दिसते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने वापरलेले ‘श्राइक’ क्षेपणास्त्र रडारच्याच लहरींचा माग काढत येई. उलट उदाहरण सर्बियाचे. 27 मार्च 1999 रोजी तिथल्या एका तुकडीने जुन्या सोव्हिएत सामग्रीने अमेरिकेचे एफ-117 हे रडारला सहसा न दिसणारे विमान पाडले. ही तुकडी रडार अगदी थोडा वेळ चालू ठेवी आणि सतत जागा बदले.

दुसरे कारण पृथ्वीच्या गोलाईचे. अँटेना जमिनीपासून 5 मीटरवर असेल, तर 3,000 मीटर उंचीवरचे विमान सव्वादोनशे किलोमीटरवरूनही दृष्टिरेषेत येते. तेच 100 मीटरवरून आले, तर जेमतेम 50 किलोमीटरवर. ताशी 900 किलोमीटर वेगाने हे अंतर 200 सेकंदांत संपते. मध्ये डोंगर असेल तर तेवढेही नाही. मोठ्या स्थिर रडारांच्या जाळ्यातली अशी भोके बुजवायला फिरती रडारे लागतात. खाली रोखलेल्या झोतात झाडे, टेकड्या, घरे यांचे परावर्तनही येते. हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदलते (डॉप्लर परिणाम). त्यावरून विमान वेगळे काढता येते.

खरी कसरत मात्र गाडीची असते. रोहिणीचा ताफा तीन वाहनांचा: रडारचा टाट्रा ट्रक, माहिती-केंद्राची गाडी आणि वीजपुरवठ्याची गाडी. अशा रडारची अँटेना प्रवासात घडी घालून आडवी करावी लागते, नाहीतर ती पुलाखालून जायची नाही. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी जॅकवर उचलून समतल करतात, कारण ट्रक थोडा कलला तरी उंचीचे मोजमाप चुकते. मग अँटेना उभी करायची, उत्तर दिशा बसवायची, केबल जोडायच्या. अंगावर वारा घेत फिरणारा तो सपाट पत्रा थरथरूनही चालत नाही आणि जडही असून चालत नाही. रडारची कौतुके होतात ती पल्ल्याची; माझ्या मते अभियंत्यांची झोप उडवते ती ही जुळवाजुळव.

पुढच्या पिढीत, अरुध्रा आणि अश्विनीत, अँटेनाचा प्रत्येक घटक स्वतः लहरी सोडतो व घेतो. त्यामुळे झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वळतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सशी अरुध्रासाठी मार्च 2023 मध्ये, तर अश्विनीसाठी मार्च 2025 मध्ये 2,906 कोटी रुपयांचा करार झाला.

ट्रकच जात नाही तिथे भरणी. लष्करासाठीचे हे हलके रडार सुटे करून माणसांच्या किंवा जनावरांच्या पाठीवरून डोंगरात नेता येते आणि बॅटरीवर चालते. या हलकेपणाची किंमत पल्ल्यात मोजावी लागते: सुमारे 40 किलोमीटर. शिवाय ते द्विमितीय आहे. विमानाची दिशा आणि अंतर सांगते, उंची नाही.