ढेकणांच्या प्रादुर्भावाची सुरुवातीची लक्षणे

घरात ढेकूण शिरले आहेत हे, ते उघडपणे फिरताना दिसण्याआधीच, त्यांनी गादी-पलंगावर सोडलेल्या खुणांवरून ओळखता येते. विष्ठेचे ठिपके, टाकलेली कात, अंडी व त्यांची रिकामी टरफले आणि जिवंत किंवा मेलेला कीटक या भरवशाच्या खुणा होत. अंगावर उठलेल्या गांधींवरून संशय घ्यावा, पण त्यांना पुरावा मानू नये. प्रत्यक्षात त्यांनाच पुरावा धरले जाते. मग ज्याच्या अंगावर गांधी उठत नाहीत त्याच्या घरात शोध उशिरा सुरू होतो आणि डासांनी चावलेल्या घरात ढेकणांची फवारणी होते.

माणसाच्या रक्तावर जगणाऱ्या ढेकणांच्या दोन जाती घरांत आढळतात. सायमेक्स लेक्ट्युलॅरियस हा सामान्य ढेकूण, तर सायमेक्स हेमिप्टेरस हा मुख्यतः उष्ण प्रदेशांतला. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींत फरक करणे कठीण, आणि त्यांच्या खुणाही सारख्याच असतात.

कीटक आणि त्याचे वेळापत्रक

प्रौढ ढेकूण सुमारे ५ मिमी लांब, लंबगोल, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. त्याला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो. रक्त प्यायल्यावर तो फुगून लांबट आणि गडद लाल होतो. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम १.५ मिमीचे आणि जवळजवळ रंगहीन असते. फिकट चादरीवर ते सहसा नजरेला पडत नाही; पोट भरले की मात्र लाल ठिपक्यासारखे दिसते. पिल्लाला पाच अवस्थांतून जावे लागते. त्यांतली लांबी साधारण १.५, २, २.५, ३ आणि ४.५ मिमी अशी वाढत जाते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी एकदा तरी रक्त प्यावेच लागते.

घरात प्रादुर्भाव सुरू व्हायला फलित झालेली एक मादी पुरते. प्रवासाच्या बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून किंवा शेजारच्या घरातून भिंतीतल्या नळांच्या व वायरींच्या वाटेने ती येते. घर स्वच्छ आहे की नाही याच्याशी तिच्या येण्याचा काही संबंध नाही. पसारा असेल तर लपायला जागा जास्त मिळतात, एवढेच. रक्त मिळत राहिले तर ती दिवसाला १ ते ५ अंडी घालते. उबदार खोलीत अंडी ६ ते १० दिवसांत फुटतात आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास साधारण ५ ते ८ आठवड्यांत पुरा होतो. म्हणून पहिल्या महिन्यात घरात जे असते ते बहुतांशी अंडी आणि बारीक पिल्ले. ढेकूण रोज रक्त पीत नाही. काही दिवसांच्या अंतराने, बहुधा पहाटेच्या आधी, तो ५ ते १० मिनिटांसाठी बाहेर येतो आणि उरलेला वेळ फटीत बसून काढतो. दिवसा चादर झटकून ढेकूण सापडत नाही तो यामुळे.

विष्ठेचे ठिपके

सर्वांत आधी सापडणारी आणि सर्वांत बोलकी खूण हीच. रक्त पचवल्यावर ढेकूण काळसर पातळ विष्ठा टाकतो. कापडावर ती झिरपते आणि शाईच्या पेनाचे टोक क्षणभर टेकवल्यासारखा, कडा किंचित पसरलेला ठिपका उमटतो. लाकूड, रंगवलेली भिंत किंवा प्लॅस्टिक यांवर ती झिरपत नाही. तिथे १ ते २ मिमीचा, हाताला किंचित उंच लागणारा काळा थेंब वाळून बसतो. ठिपके एकेकटे नसून चार-सहा-दहाच्या पुंजक्यात असतात आणि हा पुंजका ढेकणाच्या लपण्याच्या जागेला लागून असतो, कारण पोट भरून परतल्यावर तो तिथेच विष्ठा टाकतो. त्यामुळे चादरीच्या मधोमध दिसलेल्या एखाद्या डागापेक्षा गादीच्या गोटालगतचा, म्हणजे कडेच्या जाड शिवणीलगतचा, पुंजका कितीतरी मोलाचा.

शंका असेल तर कापसाचा बोळा पाण्यात भिजवून ठिपक्यावर काही सेकंद दाबून ठेवावा आणि मग पुसावा. ढेकणाची विष्ठा पचलेल्या रक्ताची असल्याने बोळ्यावर तांबूस तपकिरी ओघळ येतो. झुरळाची लेंडी कोरडी व कणीदार असते. ती नखाने उचलून येते. बुरशीचा डाग फिकट कडांनी पसरत जातो आणि बहुधा ओल असलेल्या बाजूलाच असतो. माश्यांचे ठिपके दिव्याजवळ, काचेवर, उंचावर सापडतात. कोळ्याच्या विष्ठेचे थेंब मात्र फसवतात, म्हणून ठिपक्यांजवळ दुसरी एखादी खूण शोधल्याशिवाय निर्णय देऊ नये.

चादरीवर किंवा अभ्र्यावर गंजाच्या रंगाचे फराटे दिसतात ते वेगळे. पोट भरलेला ढेकूण कुशीखाली चिरडला गेला, किंवा चावलेल्या जागेतून थोडे रक्त आले, की तसा फराटा उमटतो. खाजवलेली पुटकुळी किंवा चिरडलेला डास यांनीही असेच होते. ही दुय्यम खूण समजावी.

कात आणि अंडी

टाकलेली कात फिकट पिवळसर, अर्धपारदर्शक आणि आतून पोकळ असते. आकार मात्र हुबेहूब ढेकणाचाच. फुंकर मारली तरी ती उडते, म्हणून पंखा चालू ठेवून तपासणी करू नये. सापडलेल्या काती पांढऱ्या कागदावर ओळीने ठेवून पट्टीने मोजल्या तर प्रादुर्भाव किती जुना आहे याचा अंदाज बांधता येतो. फक्त दीड-दोन मिमीच्या काती असतील तर पहिलीच पिढी नुकती वाढू लागली आहे. पाचही मापांच्या काती, त्यांत ४.५ मिमीच्या बऱ्याच, असतील तर निदान एक पिढी वाढून प्रौढ झालेली असते आणि ढेकूण एका पलंगापुरते राहिले असतील याची खात्री उरत नाही. एकच प्रौढ ढेकूण सापडला, आजूबाजूला ठिपका नाही, कात नाही, तर तो नुकताच आलेला असू शकतो. तरीही ती मादी असेल आणि तिने दुसरीकडे अंडी घातली असतील, हे धरूनच पुढे जावे.

अंडे सुमारे १ मिमीचे, मोतिया पांढरे, लांबट आणि एका टोकाला झाकण असलेले. मादी ते चिकट द्रवाने पक्के चिकटवते, त्यासाठी खडबडीत लाकूड, कापड किंवा पुठ्ठा पसंत करते. हात फिरवून ते निघत नाही. धूळ, मीठ किंवा साबणाचा कण मात्र बोटाने लगेच सरकतो. पाच दिवसांहून जुन्या अंड्यात भिंगातून डोळ्यांचे दोन ठिपके दिसतात. झाकण उघडे आणि आत काही नाही, म्हणजे पिल्लू निघून गेले. रिकामे टरफल आणि कात दीर्घकाळ जागेवर राहतात. जुना पलंग घेतलेल्या घरात केवळ त्यांवरून ढेकूण आज आहेत असे म्हणता येत नाही. त्यासाठी ताजे ठिपके, भरलेले अंडे किंवा जिवंत कीटक लागतो.

चाव्यांवरून काय कळते

फार थोडे. चावताना वेदना होत नाही. गांध काही तासांनी उठते, कधी काही दिवसांनी, कधी १४ दिवसांपर्यंतही. काहींच्या अंगावर ती उठतच नाही. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचे हात चट्ट्यांनी भरलेले आणि दुसऱ्याला कशाचा पत्ता नाही, असे नेहमी घडते. ज्याला काही होत नाही त्यालाही ढेकूण चावत असतातच. उघडे राहणारे भाग, म्हणजे मान, चेहरा, दंड, हात, यांवर सकाळी नव्याने दिसणाऱ्या खाजऱ्या गांधी संशयास्पद. तीन चावे एका ओळीत असले की ढेकूणच, हा समज मात्र चुकीचा आहे. ओळ असली-नसली तरी निदान ठरत नाही. पिसवांचे चावे घोट्याभोवती जास्त असतात, खरजेत बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते. केवळ त्वचा पाहून डॉक्टरांनाही हे ढेकणांचेच चावे असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ढेकणांमुळे माणसात रोग पसरतो असे सिद्ध झालेले नाही. त्रास असतो तो खाजेचा, खाजवून होणाऱ्या जंतुसंसर्गाचा आणि झोपमोडीचा.

वासाचेही तसेच. ढेकूण चिरडल्यावर येणारा उग्र वास खोलीत शिरताच जाणवत असेल तर संख्या मोठी झालेली असते. सुरुवातीचे लक्षण म्हणून वासाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

पलंगाची तपासणी

टॉर्च, जुने प्लॅस्टिक कार्ड, भिंग, पारदर्शक चिकटपट्टी, स्क्रूड्रायव्हर आणि पांढरा कागद एवढे सामान पुरते. एका पलंगाला अर्धा ते पाऊण तास द्यावा. अंथरूण धुण्याआधी तपासणी करावी. संशय आला की आधी चादरी धुण्याची घाई होते आणि निम्मा पुरावा पाण्याबरोबर जातो.

चादर कोपऱ्याकडून आत दुमडत सावकाश काढावी. मग गादीचा गोट उशाकडच्या कोपऱ्यापासून धरावा. अंगठ्याने गोट उलटा वळवून त्याच्या खालची घडी उघडी करायची आणि टॉर्च गादीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकायचा. सरळ वरून टाकलेल्या प्रकाशात कात आणि अंडी कापडात हरवतात, तिरप्या प्रकाशात त्यांची सावली पडते. असे वीतभर-वीतभर पुढे सरकत चारही कडा, मग गादी उलटून खालच्या चारही कडा पाहाव्यात. गादीवर शिवलेली कापडी चिठ्ठी, मूठ, हवेची छिद्रे, चेनचा पट्टा आणि टाके घातलेल्या गुंड्यांखालची खळगी सोडू नयेत.

गादीत काही न सापडल्याने शोध थांबवणे ही सर्वांत नेहमीची चूक. पलंगाच्या उशाकडची फळी गादीपेक्षा कमी हलवली जाते आणि झोपलेल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असते. ती भिंतीवर ठोकलेली असेल तर काढून मागची बाजू पाहावी. स्क्रूची भोके, फळ्यांचे सांधे, पट्ट्या जिथे टेकतात त्या खाचा, लाकडाच्या चिरा, लोखंडी पलंगाच्या नळ्यांची उघडी तोंडे, यांत कार्डाची कड घालून खरवडावे आणि खाली कागद धरावा. कार्ड जाईल एवढ्या फटीत प्रौढ ढेकूणही मावतो. हेअर ड्रायरची गरम पण मंद हवा फटीत सोडली तर लपलेला ढेकूण कधीकधी बाहेर येतो. हवेचा झोत जोराचा असेल तर पिल्ले आणि काती उडून जातात.

पलंगानंतर, झोपण्याच्या जागेपासून दोन-अडीच मीटरच्या आतले सर्व: उशाजवळचे टेबल व त्याच्या ड्रॉवरची खालची बाजू, पडद्याच्या वरच्या चुण्या, भिंतीच्या तळाची पट्टी, तसबिरींची मागची बाजू, सुटलेला वॉलपेपर. स्विचबोर्ड उघडायचा असेल तर मेन स्विच बंद करूनच. कोणी दुपारी सोफ्यावर झोपत असेल तर सोफाही पलंगच समजावा. त्याच्या उशांमागची शिवण आणि तळाचे जाळीदार कापड पाहावे.

सापळे

शोधात काही मिळत नाही पण संशय जात नाही, अशा वेळी पलंगाच्या प्रत्येक पायाखाली दुहेरी कड्यांची बशी ठेवतात. बाहेरची भिंत खरबरीत असल्याने ढेकूण चढतो आणि गुळगुळीत खोबणीत पडून अडकतो. बाहेरच्या खोबणीत पडलेला खोलीतून पलंगाकडे निघालेला असतो, आतल्या खोबणीतला पलंगावरून उतरलेला. यासाठी पलंग भिंतीपासून किमान १५ सेमी दूर हवा आणि चादर-पांघरूण जमिनीला टेकता कामा नये. नाहीतर ढेकूण बशी टाळून वर जातो. खोबणीत धूळ साचली की पाय रोवता येतात, म्हणून आठवड्याला एकदा पुसून टाल्कची विरळ भुकटी पुन्हा लावावी. उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत पृष्ठभागावर सामान्य ढेकणापेक्षा सहज चढतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत बशी रिकामी राहिली तरी निश्चिंत होऊ नये. साध्या चिकट सापळ्यांचा अनुभव याहून कमजोर आहे.

बशा लावल्यावर पलंग सोडून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये. माणूस हलला की भुकेले ढेकूण त्याच्या मागे नवीन खोलीत जातात, आणि रक्ताशिवाय ते काही महिने तग धरतात. सहा ते आठ आठवडे बशीत काही पडले नाही आणि दर आठवड्याच्या तपासणीत नवा ठिपका आढळला नाही, तर ढेकूण नसण्याची शक्यता बरीच मोठी.

कीटक सापडल्यावर

त्याला चिरडू नये. चिकटपट्टीवर घ्यावे किंवा छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकावे, वर तारीख आणि सापडल्याची जागा लिहावी आणि कीटकनियंत्रणाच्या जाणकाराला दाखवावे. झुरळाचे लहान पिल्लू, गोचीड, पुस्तकातल्या बारीक उवा, गालिच्यावरच्या भुंगेऱ्याची केसाळ अळी यांना ढेकूण समजण्याची चूक वरचेवर होते. झुरळाच्या पिल्लाच्या मिशा लांब आणि अंग लांबट असते, गोचिडीच्या अळीला सहा पण पुढच्या अवस्थांत आठ पाय असतात. वटवाघळांवरचा ढेकूण सर्वांत फसवा: डोक्यामागच्या भागाच्या कडेवरचे त्याचे केस डोळ्याच्या रुंदीहून लांब असतात आणि हे सूक्ष्मदर्शकाखालीच नीट कळते. तो निघाला तर उपाय पलंगावर नव्हे, छपरातल्या वटवाघळांच्या जागेवर करावा लागतो.

ओळख पटेपर्यंत फवारा मारू नये. बाजारातल्या अनेक फवाऱ्यांतल्या पायरेथ्रॉइड औषधांना पुष्कळ ढेकूण दाद देत नाहीत. धुराचे डबे फटींच्या आत पोहोचत नाहीत आणि अर्धवट मात्रेने डिवचलेले ढेकूण शेजारच्या खोल्यांत पांगतात. गादी ओढत बाहेर नेऊन टाकल्यानेही वाटेवर अंडी-पिल्ले सांडतात. तोवर करण्याजोगे एवढेच: अंथरूण पलंगाजवळच पिशवीत बंद करावे आणि ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावे, किंवा ड्रायरमध्ये सर्वांत गरम तापमानावर, कपडे पूर्ण तापल्यानंतर आणखी अर्धा तास फिरवावे. रिकामी पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाकावी, आणि धुतलेले कपडे पलंगाची तपासणी पुरी होईपर्यंत दुसऱ्या बंद पिशवीत ठेवावेत.