पैलवान भारी की बॉक्सर?

गंगावेश तालमीतला पैलवान भारी, ज्युदोतला ब्लॅक बेल्ट भारी की बॉक्सर? कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर हा वाद मिटत नाही, आणि गणितालाही तो मिटवता येत नाही.

कौशल्य आकड्यात मांडायची सर्वांत रुळलेली पद्धत अर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी बसवली. दोघांत 200 गुणांचं अंतर असलं, तर वरचढ खेळाडू चारांपैकी साधारण तीन लढती जिंकतो. चौथी तो हरतोच, त्यामुळे एका कुस्तीवरून कुणाला कच्चं ठरवू नये. मात्र हे गुण आपसांत लढणाऱ्यांपुरतेच खरे असतात. दोन गटांत एकही लढत झालेली नसेल, तर एका गटातल्या सगळ्यांना 500 गुण फुकट वाटले तरी हिशेब तसाच जुळतो! ज्युदोतल्या पट्ट्याचं तर गणितच वेगळं. तो गुरू देतो आणि हरलं म्हणून खाली येत नाही.

शिवाय नियम बदलला की कौशल्यच बदलतं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या मातीत परंपरेने चितपट, म्हणजे पाठ टेकवणं, हाच निकाल. तिथे दम काढून समोरच्याला थकवणं ही विद्या आहे. मॅटवर 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी मिळाली की खेळ खल्लास. ज्युदोच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 2013 पासून हाताने पाय धरणं बंद झालं, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा आपला एकेरी पट गेलाच. बॉक्सर डोळ्यांवर खेळतो, पैलवान पकडीतल्या दाबावर. दिसलेल्या खुणेला साधा प्रतिसाद द्यायला साधारण 0.2 सेकंद लागतात, स्पर्शाला त्याहून थोडे कमी. म्हणून खडाखडीत, म्हणजे पकडीसाठीच्या हातांच्या झटापटीत, तरबेज हात लांबून येणाऱ्या ठोशापुढे आंधळे ठरतात.

तरी जोड लावायचीच असेल, तर आधी वजनातला फरक 2-3 किलोंच्या आत आणा. मग निम्म्या लढती एकाच्या नियमांनी, निम्म्या दुसऱ्याच्या. दोघं अगदी तुल्यबळ असले तरी 20 पैकी 12 किंवा जास्त लढती एकाच्याच नावावर जाण्याची शक्यता जवळपास 50 टक्के असते. तेव्हा 12-8 वर फेटे उडवू नका.

निकालापेक्षा एक गोष्ट मात्र कुठल्याही खेळात बघता येते: पहिला डाव फसल्यावर काय होतं. कच्चा गडी थांबतो, पाय जुळवतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मुरलेल्याचा पट अडला की तोच हात टांग या पुढच्या डावासाठी कमरेला गेलेला असतो.