उभी चीर की आडवा काप: पाठीच्या दोन करवतींमधला खरा फरक

बारीक जोडकामाच्या करवतीला वरून पितळेची किंवा पोलादाची जाड पाठ असते आणि त्यामुळे पातळ पाते वाकत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. डव्हटेलसाठी (कबुतराच्या शेपटीसारखे पसरट भाग एकमेकांत अडकवणारा फळ्यांचा जोड) 8 ते 10 इंचांची आणि मोठ्या कुसासाठी (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी जीभ) 14 इंचांच्या आसपासची, हा लांबीतला फरक तर दिसतोच. गोंधळ दातांच्या घडणीत आहे. एकाच लांबीच्या, इंचाला तेवढेच दात असलेल्या दोन करवतींपैकी एक तंतूंच्या दिशेने चिरण्यासाठी आणि दुसरी तंतूंना आडवी कापण्यासाठी घासलेली असू शकते. तरीही विचारले जाते ते फक्त ‘इंचाला दात किती?’, आणि या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

चिरण्याचा दात घासताना कानस पात्याशी काटकोनात धरतात, त्यामुळे त्याला इवल्याशा पटाशीसारखी चपटी धार येते आणि ती तंतू सोलत पुढे जाते. आडकापाच्या दातावर कानस तिरपी चालते व दात एकाआड एक उलट बाजूंनी घासले जातात, म्हणून त्यांना चाकूसारखी टोके येतात. ही टोके कापाच्या दोन्ही कडांचे तंतू आधी छेदतात आणि मधला भाग भुसा होऊन निघतो. आडकापाची करवत उभी चालवली तर ती नुसती खरवडते, माणूस जोर लावतो आणि आखलेली रेघ सुटते. चिरण्याची करवत आडवी चालवली तर मागच्या कडेचे तंतू उपटले जातात.

खरी फसगत डव्हटेलमध्ये होते. फळी उभी पकडून करवत तिच्या टोकावर ठेवायची असते, आणि तिथे तंतूंची कापलेली टोके दिसतात, म्हणून अनेकजण हा आडकाप समजतात. परंतु करवत कोठून सुरू होते याला महत्त्व नाही, ती कोणत्या दिशेने खोल उतरते याला आहे. इथे ती थोडी तिरपी असली तरी तंतूंच्या बाजूनेच उतरते, म्हणून डव्हटेलला चिरण्याचेच दात हवेत. कुसाचे गालही (त्याच्या रुंद, सपाट बाजू) त्याच दातांनी कापावेत. खांदे (कुसाच्या मुळाशी असलेल्या पायऱ्या) मात्र तंतूंना आडवे असतात आणि जोड बसल्यावर त्यांचीच कड डोळ्यांसमोर राहते, तेव्हा तिथे आडकापाची करवत घ्यावी. जपानी र्‍योबा करवतीच्या एका कडेला एक आणि दुसऱ्या कडेला दुसरे दात असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न लपून राहत नाही.

एकच करवत घ्यायची असेल तर मी निःशंकपणे बारीक दातांची, चिरण्याची घेईन: दात बारीक असले की आडव्या कापातली उपट कमी होते, खांद्याची रेघ आधी चाकूने खोल आखली की उरलेलीही बरीच आटोक्यात येते, आणि अशी करवत घरी घासणेही सोपे असते. पाठ पितळेची की पोलादाची, यावर तासन्‌तास वाद घालण्याऐवजी भिंग घेऊन दातांच्या टोकांकडे वरून पाहावे: चपट्या कडा दिसल्या तर ती चिरण्याची, आलटूनपालटून तिरप्या चकाकणाऱ्या टोकदार कडा दिसल्या तर आडकापाची.