दवाखान्यातला पशुधन अधिकारी आणि मदतकार्यातला पशुधन अधिकारी

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेली, कल्याण-बदलापूरकडे राहणारी मुलं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. लोकसेवा आयोग ‘पशुधन विकास अधिकारी’ मागवतो, मदतसंस्था ‘लाइव्हस्टॉक ऑफिसर’ मागवतात, दोघांना पदवी तीच हवी आहे, मग काम एकच ना? नाही. लस, चारा, जंताचं औषध दोन्हीकडे आहे. पण सरकारी दवाखान्याची नोंद जनावराच्या नावाने होते आणि मदतकार्याची नोंद घराच्या नावाने. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

आधी आपल्या ठाणे जिल्ह्यातलं काम बघू. शहापूर-मुरबाड भागातल्या दवाखान्यात सकाळी आजारी जनावरं येतात, कृत्रिम रेतनासाठी बोलावणी येतात. पावसाळा तोंडावर आला की घटसर्प-फऱ्याची लस, शेळ्यांना आंत्रविषाराची. प्रत्येक गुराच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला आणि त्या आकड्याखाली त्याची सगळी नोंद. शिवाय या अधिकाऱ्याच्या हातात कायदा आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आसपासच्या कोंबड्या नष्ट करण्याचा आदेश निघाला आणि पशुसंवर्धन खात्याने तो अमलात आणला. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याने हा अधिकार सरकारला दिलेला आहे. मदतसंस्थेचा माणूस कितीही अनुभवी असला तरी साथीत त्याला स्वतःच्या अधिकारात कुणाची एक कोंबडीही मारता येत नाही. तो फक्त सरकारी यंत्रणेच्या बाजूला उभा राहून हातभार लावू शकतो.

आपत्तीत हा फरक आणखी ठळक होतो. उल्हास नदीला पूर आला, गोठ्यात पाणी शिरलं, म्हशी दगावल्या, की सरकारी अधिकाऱ्याचं काम शवविच्छेदन आणि पंचनाम्यापासून सुरू होतं. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये धरले आहेत. त्यालाही मर्यादा आहे, मोठी दुधाळ जनावरं तीनपर्यंत. ही रक्कम छोटी नाही, आणि ती मिळवून देणारा डॉक्टर मोठंच काम करतो. पण ती मिळते जनावर मेल्यानंतर.

मदतकार्यातल्या अधिकाऱ्याला विचार करायचा असतो तो जनावर जिवंत असताना, आणि तोही असा: या घराचं पुढच्या वर्षी काय होईल? त्याच्या हाताशी ‘लेग्ज’ (LEGS) नावाची, आपत्तीत पशुपालकांना मदत कशी करायची हे सांगणारी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं असतात. पहिली आवृत्ती 2009 ची, तिसरी 2023 ची. चारा, पाणी, उपचार, निवारा, जनावरं वेळेत विकत घेणं आणि नवी जनावरं देणं, एवढे मार्ग त्यात आहेत. त्यातला कुठला मार्ग कधी धरायचा, इथे खरी परीक्षा असते.

समजा, उत्तर केनियातलं एक कुटुंब आहे. चाळीस शेळ्या, पाऊस हुकलेला. चारा दहा शेळ्यांपुरताच आहे. आपला दवाखान्यात तयार झालेला हात सगळ्यात अशक्त शेळीकडे आधी जातो, कारण तीच मरायला टेकली आहे. मदतकार्यात तिथेच थांबावं लागतं. अधिकारी शेळीचं तोंड उघडून दात बघतो, दोन दाती की चार दाती. पाठीच्या कण्यावरून आणि बरगड्यांवरून बोटं फिरवून मांस किती उरलंय ते अजमावतो. कास चाचपतो, दोन्ही सड चालू आहेत ना ते बघतो. मग घरातल्या बाईला विचारतो, यातली कुठली दरवर्षी विते, कुठलीचं दूध पोरांना पुरतं? जी पुढच्या पावसात पुन्हा कळप उभा करील ती वाचवायची. म्हाताऱ्या शेळ्या आणि जादाचे बोकड अंगात मांस आहे तोवर विकत घ्यायचे, म्हणजे घरात पैसा येतो, आणि ते मांस शेजारच्या उपाशी घरांना जातं. पशुवैद्याच्या मनाला हे फार जड जातं. पण सगळ्यांना थोडा थोडा चारा घालून चाळीसच्या चाळीस शेळ्या महिनाभराने मेल्या, तर त्या घराकडे काहीच उरत नाही.

2006 मध्ये दक्षिण इथिओपियातल्या मोयाले भागात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. व्यापाऱ्यांना कर्ज देऊन दुष्काळी भागात आणलं, त्यांनी सुमारे 20,000 गुरं विकत घेतली आणि लोकांनी त्या पैशातून धान्य आणि उरलेल्या गुरांसाठी चारा घेतला. आपल्याकडे हा मार्ग असा सरळ चालत नाही. 2015 पासून महाराष्ट्रात गाईंबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे दुष्काळात सरकारकडे मोठा उपाय उरतो तो चारा छावणीचा. 2018-19 च्या दुष्काळात मराठवाड्यात छावण्या लागल्या तेव्हा दावणीला आलेलं प्रत्येक जनावर मोजलं गेलं. छावणीने गुरं वाचतात, हे नाकारता येणार नाही. मात्र मालकालाही महिनोन्‌महिने घर सोडून तिथे राहावं लागतं, हा खर्च कुठल्या रकान्यात येत नाही.

आता फुकट औषधांचं. पूर ओसरला की आपल्याकडे मोफत उपचार शिबिरं लागतात आणि सगळ्यांना ती पुण्याची वाटतात. पहिले काही दिवस ती हवीतच. पण ती लांबली तर गावात कायम राहणाऱ्या खाजगी डॉक्टरकडे कुणी फिरकत नाही, आणि शिबिर उठल्यावर गावाला डॉक्टरही राहत नाही. म्हणून चांगल्या मदतसंस्था पशुपालकाला कूपन देतात. तो ते घेऊन गावातल्याच डॉक्टरकडे जातो, डॉक्टरला पैसे संस्था देते. मला ही पद्धत मनापासून पटते. नवी जनावरं देतानाही तसंच. बाहेरून ट्रक भरून शेळ्या आणल्या की त्यांच्याबरोबर पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग येण्याची भीती असते आणि त्या इथल्या हवेला टिकत नाहीत. त्यापेक्षा मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेतल्या गुरांच्या बाजारासारखा जवळचा बाजार बघून माणसाला स्वतः निवडू द्यावं.

गावातल्या माणसांना जनावरांवरचे उपचार शिकवण्याबद्दलही दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत. बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग 2011 साली जगातून गेला, त्यात दक्षिण सुदानसारख्या भागात गावकऱ्यांनीच टोचलेल्या, उष्णतेत टिकणाऱ्या लसीचा मोठा वाटा होता. भारतात 1984 च्या कायद्याने पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांपुरता ठेवला आहे. पदविकाधारकांना ठरावीक किरकोळ सेवा देखरेखीखाली करता येतात, आणि ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या पशुसखी, म्हणजे जनावरांची काळजी घ्यायला शिकलेल्या गावातल्याच बायका, प्रथमोपचार, जंतनाशक, शेळ्यांची देखभाल एवढं बघतात.

नोकरी म्हणून बघायचं तर थोडक्यात: सरकारी पद कायमचं, बदल्या राज्यातच. मदतसंस्थेतला करार प्रकल्पापुरता, निधी संपला की तोही संपला. निम्मा वेळ घरोघरच्या याद्या, खरेदीची कागदपत्रं आणि देणगीदाराचे अहवाल यांत जातो. मुलाखतीत रोगनिदानाइतकंच हेही विचारतात की गावातली गरजू घरं तुम्ही कशी निवडाल, आणि यादीत नाव नसलेल्या माणसाने तक्रार केली तर काय कराल.

माझं मत विचाराल तर आधी तीन-चार वर्षं शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी दवाखान्यात काढा. साथ कशी पसरते, पंचनाम्यात काय लिहायचं, लसींची शीतपेटी उन्हात कशी सांभाळायची, हे तिथे हाताला लागतं. त्याच काळात एखाद्या पशुसखीबरोबर आदिवासी पाड्यावर जाऊन प्रत्येक घरात शेळी कधी विकतात आणि का विकतात, एवढं विचारून लिहून ठेवा. मदतसंस्थेत अर्ज करताना तो कागद बरोबर ठेवा.